भूरूपाच्या रकान्यात काय लिहायचं

गुरुजी,

मी रोह्याला भूगोल शिकवते. हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. पाचवीनंतर आपण पुन्हा भेटलो नाही, आणि खाडीकाठच्या आमच्या खारेपाटातून तुमच्यापर्यंत बातमी पोचवणारंही कुणी नव्हतं. मिठागरात कामाला जाणाऱ्याची मुलगी, दुसऱ्या ओळीत खिडकीशी बसायची, पाढे म्हणताना पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची, ती मी. सव्वीस वर्षं झाली शिकवायला लागून. पर्वत, पठार, मैदान, बेट, भूशिर, खाडी, साऱ्यांच्या व्याख्या मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात, आणि माझ्या मुलांनाही येतात. तरी गेले दोन महिने एका गुणाच्या एका प्रश्नाने माझं डोकं फिरवलंय. घरी यांच्याशी बोलून पाहिलं. हे धाटावला कंपनीत, शिफ्ट करून आलेला माणूस किती ऐकणार? म्हणाले, पुस्तकात असेल ते लिहायला सांग आणि मोकळी हो. शाळेतल्या दुसऱ्या बाईही तेच म्हणाल्या. मला मोकळं होता येत नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, पण हा प्रश्न पहिल्यांदा तुमच्यासमोरच निघाला होता.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल का, कोण जाणे. तुम्ही घाटावरून बदली होऊन आमच्याकडे आलात त्याला तेव्हा दोनच महिने झाले असतील. मासळीचा वास आला की उपरणं नाकाशी धरायचात, आणि चिखलात धोतर सावरत चालायचात तेव्हा आम्ही पोरी तोंड फिरवून हसायचो. नदीचा धडा झाला होता. नदी कोठून कोठे वाहते, हा प्रश्न तुम्ही पाटीवर उत्तर लिहायला दिला होता. मी लिहिलं, सकाळी समुद्राकडे आणि दुपारी डोंगराकडे. मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आमच्या घरामागे जी नदी होती ती तेच करायची. तुम्ही पाटी हातात घेतलीत, सगळ्या वर्गाला वाचून दाखवलीत, वर्ग हसला नाही म्हणून तुम्ही आणखी चिडलात. पाणी कधी चढ चढतं का, असं विचारलंत. मग तुम्ही शांतपणे म्हणालात, "जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते लिहू नये." आणि मला नकाशाजवळ उभं केलंत, शाळा सुटेपर्यंत. मला मार लागला असता तर समजलं असतं. हे काही समजलं नाही. मी तर रोज पाहत होते.

घरी दादाने सांगितलं. तो सातवीत होता, त्याच्या वर्गात बातमी पोचली होती. बाबा भांडणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी मिठागरावर जाण्याआधी शाळेच्या दाराशी आले, चपला बाहेर काढल्या आणि तुम्हाला म्हणाले, "गुरुजी, पोरीनं खोटा नाय लिवला. रविवारी पुनव हाय. सकाली घरी या, डोल्यांनी बघा." तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. पण आलात. आई गडबडून गेली होती, कारण तुम्ही माळकरी, आणि आमच्या घरात मासळीशिवाय काय करायचं हेच तिला सुचेना. शेवटी तिने वालाचं बिरडं केलं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि सगळी भांडी दोनदा घासली.

जेवणाआधी बाबा तुम्हाला बाहेरच्या बांधावर घेऊन गेले. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून गावाने मातीने घातलेला तो बांध, माझ्या पणजोबांच्या वेळचा. एका अंगाला आमचं भात, दुसऱ्या अंगाला पाणी. ओहोटी संपत आली होती. तुम्ही पेंढ्याची काडी पाण्यात टाकलीत, ती समुद्राच्या दिशेने निघाली, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. थोड्या वेळाने दुसरी टाकलीत, ती जागीच थांबली, गोल फिरली. आणि मग तिसरी हळूहळू डोंगराकडे सरकायला लागली. तुम्ही चपला काढून खाली उतरलात, चिखलात पोटरीपर्यंत गेलात, ओंजळभर पाणी तोंडात घेतलंत आणि थुंकलात. मग म्हणालात, "एवढं पाणी, आणि तोंडात घालायला थेंब नाही." तुमच्या आवाजात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पुढे भूगोल शिकताना पर्जन्यछायेचा प्रदेश वाचला, घाटाच्या पलीकडे बायका पाण्यासाठी किती चालतात ते वाचलं, तेव्हा थोडं कळलं. तुम्ही बाबांना विचारलंत, मग हिला नदी म्हणायचं की समुद्र? बाबा म्हणाले, आम्ही खाडी म्हणतो, आणि ती आत आली की शेत खाते, म्हणून हा बांध. दुपारी तुम्ही बिरडं दोनदा मागून घेतलंत. आई ते मरेपर्यंत सांगायची.

यानंतर जे झालं ते मला आजवर उलगडलेलं नाही. वार्षिक परीक्षेत तुम्ही तोच प्रश्न घातलात. एक गुण. मला वाटलं, तो तुम्ही माझ्यासाठीच घातलाय. मी लिहिलं, भरतीला डोंगराकडे, ओहोटीला समुद्राकडे, आणि खाली एक काडी काढून दोन बाण दाखवले. पेपर मिळाला तेव्हा त्या उत्तरावर तांबडी फुली होती. शून्य. शेजारी एक शब्द नाही. आणि निकालाच्या दिवशी, सगळे गेल्यावर, तुम्ही मला थांबवलंत आणि तुमचा स्वतःचा नकाशासंग्रह हातात दिलात. खाकी कागदाचं कव्हर, आत पेन्सिलीने केलेल्या तुमच्या खुणा. म्हणालात, नीट वापर. बस्स. पुढच्या जूनला तुमची बदली झाली होती.

बाबांनी विचारलं होतं, गुरुजींनी मार्क दिला का. मी व्हय म्हटलं. एवढा मोठा माणूस आपल्या बांधावर येऊन चिखलात उतरला याचा त्यांना जो आनंद झाला होता, त्याच्यावर मला पाणी ओतवेना. ते चार दिवस मिठागरावर सांगत होते की गुरुजींनी चूक मानली. त्याच आठवड्यात ते तुम्हाला वाटेत भेटले, आणि माझ्यासमोरच हात जोडून म्हणाले, पोरीला मार्क दिलात, उपकार झाले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, हुशार आहे पोरगी, शिकवा तिला. तुम्ही माझं खोटं झाकलंत की तुमचं, हे मी त्या वयात स्वतःला विचारलं नाही. आता विचारते तर दोन्ही खरं वाटतं.

शिक्षक झाल्यावर मी तुमच्या फुलीची कारणं शोधत राहिले. कधी वाटायचं, तपासणीला साहेब येणार होते, त्यांना तुम्ही काय सांगणार होतात? कधी वाटायचं, तुम्ही दमलेले असाल, गठ्ठ्यातला एक पेपर, हात आपोआप फिरला असेल. पण बरीच वर्षं मी एका कारणाशी येऊन थांबले होते. पुढे माझे पेपर तपासणारा माणूस पुण्याचा असेल, नाहीतर तुमच्यासारखा घाटावरचा, त्याने भरती पाहिलेली नसेल, त्याच्यासाठी मला पुस्तकातलं उत्तर यायला हवं, म्हणून तुम्ही गुण कापलात. आणि मी पाहिलं ते खरं होतं, म्हणून नकाशासंग्रह दिलात. हे मला पटलं होतं. याच्या जोरावर मी सव्वीस वर्षं शिकवलं. रोह्याची मुलं म्हणतात, बाई, आमची कुंडलिका उन्हाळ्यातसुद्धा अचानक वाढते, वर वीजघराचं पाणी सुटलं की. मी म्हणते, खरंय, पण पेपरात पावसाळा लिहा. मुलं लिहितात. मार्क मिळतात. कुणाचं काही बिघडत नाही.

आता दोन महिन्यांपूर्वीचं सांगते. पुस्तकात क्षेत्रभेटीचा धडा आहे, मुलांना बाहेर नेऊन जमीन दाखवायची आणि प्रश्नावली भरून घ्यायची. दर वर्षी आम्ही जवळपासच्या टेकडीवर जातो. या वर्षी मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, खारेपाट दाखवते. नववीची एकेचाळीस मुलं घेऊन रोह्याहून सकाळच्या गाडीने कासूला उतरले. तिथून टेम्पोने आमच्या गावी. दादाला आठ दिवस आधी फोन केला होता. तो इतका खूश झाला की वहिनी म्हणाली, हे रात्रीपासून झोपलेच नाहीत. वहिनीने एकेचाळीस मुलांचे पोहे केले होते. दादाने पाण्याची कळशी आणि पेले घेऊन मुलांच्या पुढे चालायला सुरुवात केली, आणि वाटेत तो त्यांना सांगत होता की हा बांध माझ्या आजाच्या बापाने घातला, घरटी एक माणूस यायचा, चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे.

गुरुजी, तुम्ही पाहिलेल्या त्या बांधाचा आता एक तुकडाच उरलाय. मी लग्न होऊन रोह्याला गेल्यावर एका श्रावणात उधाणाच्या भरतीने त्याला खांड पाडली, म्हणजे भगदाड. गावाने ते बुजवलं. पुढच्या वर्षी पुन्हा पडलं. तोवर गावातली निम्मी माणसं वडखळकडे, नाहीतर धाटावला कंपन्यांत लागली होती, शिफ्ट सोडून चिखल उचलायला कोण येणार? भगदाड रुंदावत गेलं. खारं पाणी शेतात आलं, मग तिवरांची झाडं उगवली, आपोआप, कुणी न लावता. बाबा असेपर्यंत रोज सकाळी जाऊन त्या पाण्याकडे बघायचे आणि म्हणायचे, औंदा नाय तर पुढल्या साली. आता तिवरं माणसापेक्षा उंच झालीत, आणि ती तोडायची कायद्याने बंदी आहे. सातबाऱ्यावर अजून भात लिहिलेलं आहे. दादा गेली कित्येक वर्षं कचेऱ्यांत जातोय, बांध बांधून द्या म्हणून. तिथे त्याला सांगतात, काका, तिथे शेत कुठे आहे, ती खाडी आहे.

हे सगळं मला माहीत होतं. त्या दिवशी मात्र भरती होती, समोर पाणी चमकत होतं, तिवरांत बगळे बसले होते, आणि मी मुलांच्या रांगा लावण्यात गुंतले होते. धाटावच्या एका कामगाराची मुलगी, वर्गात फारसं न बोलणारी, प्रश्नावली घेऊन पुढे आली. तिने विचारलं, "बाई, इथे भूरूपाच्या रकान्यात काय लिहायचं?" मी पाण्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "खाडी लिही."

सगळ्यांनी लिहिलं. दादा माझ्या मागेच उभा होता. त्याने पेले गोळा केले, कळशीतलं उरलेलं पाणी ओतलं आणि घराकडे चालू लागला. मुलांचे पोहे झाले, मी निरोप घ्यायला गेले तेव्हा तो दाराशी बसला होता. वर न बघता म्हणाला, "गो, सरकारी माणसं बोलतात ता ठीक हाय. त्यांचा जन्म हितं झाला नाय." मी म्हटलं, दादा, मुलांना परीक्षेत लिहायचं असतं. तो म्हणाला, व्हय, लिव दे. मी गाडीत बसले तरी माझे कान तापलेले होते. मला राग आला होता, पण कुणाचा ते कळत नव्हतं. मी जे बोलले ते चूक नव्हतं. भरतीचं पाणी नदीच्या मुखातून आत जिथपर्यंत शिरतं ती खाडी, ही व्याख्या मी हजारो वेळा फळ्यावर लिहिली असेल. पाणी बाबांच्या शेतात शिरलंय. मग ती खाडी. आणि तरी ते आमचं शेत आहे. दोन वाक्यं मी शेजारी ठेवते, आणि दोन्ही बरोबर असून त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही.

पुढच्या आठवड्यात वह्या आल्या. चाळीस जणांनी खाडी लिहिलं होतं, चाळीस वेळा बरोबरची खूण केली. त्या मुलीने खाडी खोडून लिहिलं होतं, "पूर्वी शेत, आता खाडी, पुढे माहीत नाही." मी तांबडं पेन धरून बसून राहिले. मला हसू आलं, मग रडू येईल असं वाटलं, मग दोन्ही गेलं. शेवटी तिला गुण दिला. आणि तिला बाजूला बोलावून सांगितलं की तुझं बरोबर आहे, पण बोर्डाच्या पेपरात असं लिहू नकोस, नुसतं खाडी लिही. ती म्हणाली, मग हे चूक आहे का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग? माझ्याजवळ इतकी वर्षं जपून ठेवलेलं कारण होतं, पुण्याचा तपासनीस वगैरे. ते मी तिला सांगायला गेले आणि माझ्याच तोंडात ते खोटं वाटलं. खोटं नव्हे, अपुरं. तुम्ही मला गुण दिला असतात तर काय झालं असतं, गुरुजी? फार तर एक गुण जास्त मिळाला असता. बाबांना खोटं सांगावं लागलं नसतं. पण मग मी हट्टाने शिकले असते का, हेही मला सांगता येत नाही. मी त्या मुलीला म्हटलं, मला ठाऊक नाही. सव्वीस वर्षांत मी हे वाक्य वर्गातल्या कुणाला म्हटल्याचं आठवत नाही. ती बरं म्हणून गेली, नाराज दिसली नाही.

गेल्या रविवारी मी एकटीच गावी गेले. दादा इतके दिवस फोन घेत नव्हता. मला बघून वहिनीने आत चहा टाकला, आणि तो म्हणाला, चल. ओहोटी लागली होती. उरलेल्या बांधाच्या तुकड्यावर आम्ही उभे राहिलो. पाणी उतरत गेलं तशा तिवरांच्या मधल्या चिखलात सरळ रेघा दिसायला लागल्या. आमच्या शेतांचे आतले बांध, झिजलेले, पण जागच्या जागी. दादा बोटाने दाखवत होता, हा थोरल्या तुकड्याचा, हा आईच्या वांग्यांचा. मी त्याला त्या मुलीने काय लिहिलं ते सांगितलं, आणि मी तिला काय म्हटलं तेही. त्याने दाखवणारं बोट खाली घेतलं. मग म्हणाला, "मना पन ठाव नाय गो. कचेरीत गेल्यावर शेत बोलतो. हितं आल्यावर खरंच समजत नाय."

निघताना त्याने मला एक जिताडा दिला, पिशवीत घालून. म्हणाला, आपल्या थोरल्या तुकड्यातला हाय, काल जाळ्यात आला. भाताच्या तुकड्यातला मासा. मी तो गाडीत मांडीवर घेऊन रोह्याला आणला, संध्याकाळी कालवण केलं, हे दोन वेळा मागून जेवले. मी जेवताना मला तो शेतातला लागतोय की खाडीतला, हे ओळखायचा प्रयत्न करत होते. चांगला होता, एवढंच कळलं.

दादा पुढच्या महिन्यात पुन्हा कचेरीत जाणार आहे. मला सोबत ये म्हणतोय. तिथे मला कुणी विचारलं, बाई, तुम्ही भूगोलाच्या ना, तुम्हीच सांगा, तर मी काय सांगू? मी जाईन, पण अजून उत्तर तयार नाही.

एवढं लिहून झालं आणि मी उगाच एक पाकीट काढलं. पाठवायचं नव्हतंच, तरी वर नाव लिहिलं, आणि पुढच्या, गावाच्या ओळीवर हात थांबला. आमच्यासाठी तुम्ही घाटावरचे होतात. घाटाच्या पलीकडे जे काही होतं ते सगळं घाटावर. अलिबागला एका प्रशिक्षणात एका शिक्षकांनी तुम्ही वारल्याचं सांगितलं, तेव्हाही मी नुसतं अरेरे म्हटलं आणि चहा प्याले. तुमचं गाव कोणतं, तिथे नदी आहे का, ती वाहते का, यातलं मी काहीच कधी विचारलं नाही, गुरुजी. तुम्हालाही नाही, आणि नंतर कुणालाच नाही.